पाच एकरांत कारखाना आणि ऑफिस: आराखडा कसा मांडायचा

कारखान्याचा आराखडा दर्शनी बाजूने काढायला घेतला की पुढचे सगळे गणित बिघडते. मालकाला आधी काच, एसीपीची (अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची) पॅनेल, कंपनीचे नाव आणि समोरची हिरवळ बघायची असते, आणि नवखा आर्किटेक्ट उत्साहाने तेच काढून देतो. आवार नीट चालणार की नाही हे ठरते ते वेगळ्याच तीन गोष्टींवर: माल कुठून येऊन कुठे जातो, माणसे कुठून येऊन कुठे जातात, आणि पाच वर्षांनी शेड कोणत्या बाजूला वाढणार. ही तिन्ही उत्तरे कागदावर येईपर्यंत एलिव्हेशनला, म्हणजे दर्शनी बाजूच्या नकाशाला, हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्यांदाच असे काम अंगावर घेतलेल्या इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि लघुउद्योजकांसाठी हा लेख आहे. बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. चाकण एमआयडीसीत पाच एकरांचा, म्हणजे सुमारे २०,००० चौरस मीटरचा प्लॉट. रुंदी १०० मीटर, खोली २०० मीटर, रस्ता पश्चिमेला. काम वाहनांचे सुटे भाग बनवण्याचे: पत्रा कापणे, प्रेस, वेल्डिंग, रंगकाम, पॅकिंग. दोन शिफ्टमध्ये मिळून साडेतीनशे कामगार, ऑफिसात साठ माणसे.

आधी जमीन वाचा

ताबा पावती मिळाली आणि सीमांकन झाले की पहिला खर्च कंटूर सर्वे (जमिनीच्या उंचसखलपणाची मोजणी) आणि माती परीक्षणावर करा. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या माळावरही उतार असतो. २०० मीटरच्या खोलीत पन्नासाला एक असा साधा उतार असला, तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार मीटरचा फरक पडतो. शेडची फरशी मात्र एकाच पातळीत हवी, कारण तिच्यावर फोर्कलिफ्ट आणि ट्रॉल्या फिरणार असतात. म्हणजे एकीकडे खोदाई आणि दुसरीकडे भराव आलाच.

मोठी चूक होते ती इथे. निम्मी शेड खोदलेल्या कठीण मुरमावर आणि निम्मी भरावावर उभी राहते. भराव खचतो, खोदलेला भाग जागचा हलत नाही, आणि मधोमध फरशीला भेग जाते. म्हणून भराव एकदम ढिगाने ओतू देऊ नका. २००-२५० मिमीचे थर, प्रत्येक थराला पाणी, रोलर आणि घनतेची चाचणी, असा क्रम धरा. जड प्रेस मशीन नेहमी खोदाईच्या बाजूला बसवा. प्लॉटवर काळी माती असेल तर ती शेड आणि रस्त्यांखालून पूर्ण काढून टाका. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर टाकलेले काँक्रीट तिच्याबरोबर वरखाली होते. काढलेली माती फेकू मात्र नका, झाडांच्या पट्ट्यात ती सोन्यासारखी आहे.

उताराचा फायदाही करून घेता येतो. ट्रकचा हौदा जमिनीपासून साधारण सव्वा मीटर वर असतो. आपल्या उदाहरणात जमीन उत्तरेकडे उतरती असेल, तर माल चढवायचे डॉक त्या बाजूला ठेवा. अंगण शेडच्या फरशीपेक्षा आपोआप सव्वा मीटर खाली मिळते, आणि त्यासाठी खड्डा खोदून त्यात साचणारे पाणी वर्षभर उपसत बसावे लागत नाही.

प्लॉटमधून ओढा किंवा नाला जात असेल तर त्याला हात लावू नका, त्याच्याभोवती मांडणी करा. बुजवलेला नाला पहिल्याच मोठ्या पावसात आपली वाट शोधतो.

माल आणि ट्रक

आता प्रक्रियेचा तक्ता मांडा. कच्चा माल आत, पत्रा कापणे, प्रेस, वेल्डिंग, रंग, तपासणी, पॅकिंग, तयार माल बाहेर. प्रत्येक टप्प्याला किती जागा, किती वीज, किती माणसे आणि दोन टप्प्यांमध्ये किती माल थांबतो, हे उत्पादन विभागाकडून लेखी घ्या. थांबलेल्या मालाची जागा बहुतेक जण विसरतात, आणि नंतर तोच माल येण्याजाण्याच्या वाटेवर येऊन बसतो.

या आकाराच्या प्लॉटला मी इंग्रजी यू अक्षरासारखा प्रवाह सुचवेन. कच्चा माल उत्तरेच्या भिंतीतून एका टोकाला आत, शेडमधून वळसा घेत तयार माल त्याच भिंतीतून दुसऱ्या टोकाला बाहेर. ट्रकचे अंगण एकच लागते, वजनकाटा एकच आणि पहारा एकच. रुंदीच्या १०० मीटरची वाटणी अशी होते: उत्तरेला ट्रकसाठी ३४ मीटर, मध्ये ५४ मीटर रुंद शेड, दक्षिणेला १२ मीटरमध्ये अग्निशमनाचा रस्ता आणि झाडे. ३४ मीटर ऐकून मालक दचकतात. पण चाळीस फुटी कंटेनर एकटाच १२ मीटरच्या वर असतो आणि ट्रेलर साधारण १६ मीटरचा. त्याला डॉकला पाठ लावायला समोर तीसेक मीटर मोकळी जागा नसेल तर ड्रायव्हर पाच वेळा पुढे-मागे करतो, आणि तेवढा वेळ सगळे अंगण अडकून पडते. पश्चिमेकडचा पाऊसही उत्तरेच्या डॉकवर थेट मारत नाही. वर चार-पाच मीटर पुढे आलेले छप्पर मात्र हवेच.

ट्रकचे फाटक वायव्य कोपऱ्यात, माणसांचे नैर्ऋत्य कोपऱ्यात. ही दोन फाटके एक करण्याचा मोह कोणी कितीही दाखवला तरी ऐकू नका. शिफ्ट बदलताना शंभर-दीडशे दुचाक्या बाहेर पडत असतात आणि त्याच वेळी ट्रेलर मागे घेतला जात असतो. सुरक्षेच्या पाट्या लावून हा धोका टळत नाही, वाटा वेगळ्या केल्या तर तो उरतच नाही.

फाटकाच्या आत किमान दोन-तीन ट्रेलर थांबतील एवढी जागा ठेवा, म्हणजे एमआयडीसीच्या रस्त्यावर रांग लागणार नाही. तिथेच ड्रायव्हर आणि क्लीनरसाठी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि सावलीत बसायला बाक द्या. दोन दोन रात्री गाडी चालवून आलेला माणूस आपल्या दारात थांबलेला असतो. या गोष्टीला सगळ्या प्रकल्पाच्या मानाने नगण्य खर्च येतो, आणि तरीही बहुतेक आराखड्यांत ती नसते. याचे मला खरोखर वाईट वाटते.

शेड: वाढीची दिशा, उंची, छत

खोलीच्या २०० मीटरची वाटणी: समोर ४० मीटर ऑफिस, पार्किंग आणि सक्तीचे सामासिक अंतर (सीमेलगत मोकळे सोडायची जागा), मग १०० मीटर लांबीची शेड, तिच्यामागे ४० मीटर भावी वाढीसाठी, शेवटी २० मीटर सांडपाणी प्रक्रिया, भंगार आणि मोकळी जागा. वाढीच्या त्या ४० मीटरमध्ये आज गवत लावा, फुटबॉल खेळू द्या, पण पाण्याची टाकी, ट्रान्सफॉर्मर किंवा जमिनीखालची मुख्य लाइन तिथे जाऊ देऊ नका. शेडच्या पूर्वेकडची शेवटची फ्रेम पुढच्या बेचा (दोन फ्रेममधल्या गाळ्याचा) भार घेईल अशी आत्ताच डिझाइन करून घ्या. पीईबीच्या, म्हणजे आधी तयार करून जागेवर जोडायच्या पोलादी इमारतीच्या, पुरवठादाराला हे ऑर्डर देतानाच सांगावे लागते. नंतर सांगितले तर तिथे दुसरी फ्रेम उभी करावी लागते.

उंची ठरवताना "सगळे आठ मीटर ठेवतात" असे म्हणून पुढे जाऊ नका. बेरीज करा: सर्वात उंच मशीन, त्यावरून जाणारा जॉब (उचललेला भाग), त्याची साखळी, क्रेनच्या हुकापासून गर्डरच्या माथ्यापर्यंतचे अंतर आणि वर थोडी मोकळीक. आज क्रेन घ्यायची नसली तरी पुढे लागणार असेल तर कॉलमना ब्रॅकेट आणि तेवढी ताकद आधीच द्या. उभ्या शेडची उंची वाढवता येत नाही.

छताबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे सर्वात जास्त हाल इथे होतात. ५४ मीटर रुंदीवर दोन स्वतंत्र उतरती छपरे शेजारी शेजारी टाकली की त्यांच्यामध्ये दरी येते, आणि त्या दरीतले गटर शेडच्या बरोबर मधोमध, मशीनच्या डोक्यावर असते. पाला अडकला, गटर भरले की पाणी थेट खाली. त्यापेक्षा मध्ये कॉलमची एकच रांग घेऊन पूर्ण ५४ मीटरवर एकच माथा ठेवा. दहाला एक उतार दिला तर माथा कडेपेक्षा २.७ मीटर उंच जातो आणि सगळे पाणी दोन्ही बाहेरच्या कडांना पडते. गटर भरले तरी पाणी अंगणात सांडेल, मशीनवर सांडणार नाही.

पाण्याचा हिशेब करून बघा. ५४ गुणिले १०० म्हणजे ५,४०० चौरस मीटर छत. तासाला १०० मिमीचा जोरदार पाऊस धरला तर तासाला ५४० घनमीटर, म्हणजे ५ लाख ४० हजार लिटर पाणी खाली येते. छताचे पाणी खाली आणणारे डाउनटेक पाइप या आकड्यावर ठरवा, कंत्राटदाराच्या अंदाजावर सोडू नका. वर्षाला सुमारे ७०० मिमी पाऊस धरला तर याच छतावरून ३७-३८ लाख लिटर मिळते, ते टाकीत घ्या आणि उरलेले जमिनीत मुरवा. कोकणात महाड किंवा लोटे-परशुरामला कारखाना असेल तर हे आकडे कित्येक पट होतात. नागपूरजवळ बुटीबोरीला प्रश्न पावसाचा कमी आणि उन्हाचा जास्त, तिथे छताखालच्या इन्सुलेशनवर पैसे घाला.

उजेडासाठी शेडच्या लांब भिंती उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला ठेवल्या की निम्मे काम झाले. जुन्या गिरण्यांसारखे उत्तरेला काच असलेले करवती छत सुंदर उजेड देते, पण प्रत्येक दाताला एक दरी येते, म्हणून इथे मी ते घेणार नाही. शिवाय पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेलाच असतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन अजिबात येत नाही हे आपल्याकडे खरे नाही. छतात पॉलिकार्बोनेटच्या पट्ट्या, माथ्यावर हवा बाहेर जायला रिज व्हेंट आणि खाली भिंतीत लूव्हर (तिरप्या पट्ट्यांचे झरोके) पुरेसे होतात. गरम हवा वरून जायची तर थंड हवेला खालून वाट लागते. वरचे पंखे बसवून खालचे लूव्हर विसरलेल्या शेड भट्टीसारख्या तापतात.

फरशीत चर खणून वीज आणि हवेच्या लाइन नेऊ नका. वीज वरून बसडक्टने (वीजवाहक पट्ट्यांच्या बंद पेटीने) आणि कॉम्प्रेस्ड हवा वरून रिंग मेनने (शेडभर वळसा घालणाऱ्या पाइपने) आणा. मशीनची जागा दर दोन-तीन वर्षांनी बदलते, चर बदलत नाहीत.

वारा आणि ऑफिस

पुणे परिसरात उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या अखेरपर्यंत वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. हिवाळ्यात तो मंद आणि बहुधा उलट दिशेचा असतो. म्हणून रंगकामाची चिमणी, एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र), घातक कचऱ्याची खोली आणि भंगार पूर्वेच्या टोकाला. त्यांचा वास वर्षाचा बराच काळ आवाराबाहेर, ऑफिस आणि कॅन्टीनपासून दूर जाईल. तिकडे शेजारी काय आहे तेही पाहा. वस्ती असेल तर मांडणीचा पुन्हा विचार करावाच लागेल.

याची किंमत म्हणजे ऑफिसला पश्चिमेचे ऊन मिळते. त्यावर उपाय सोपा आहे: जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे, रेकॉर्ड रूम पश्चिमेच्या भिंतीला लावा आणि बसायचा हॉल उत्तरेकडे उघडा. पश्चिमेला पूर्ण काच लावून मग एसी वाढवत नेणे हा वीजबिलाला दिलेला कायमचा आहेर आहे.

ऑफिस शेडपासून लांब, बागेच्या पलीकडे असावे असे अनेकांना वाटते. मी याच्या विरुद्ध आहे. १५ बाय ४० मीटरची दुमजली इमारत शेडच्या पश्चिम भिंतीला लागूनच ठेवा: खाली स्वागतकक्ष, कॅन्टीन, प्रशिक्षण हॉल, प्रथमोपचार, वर ऑफिस. माणशी दहा चौरस मीटर धरले तर साठ माणसे वरच्या ६०० चौरस मीटरमध्ये बसतात. डिझाइनच्या माणसाला एक दार उघडून मशीनपाशी जाता आले पाहिजे. मेंटेनन्स आणि क्वालिटीचे लोक तर शेडमध्येच बसावेत. मधली भिंत मात्र आगरोधक लागते, दारेही तशीच. त्या भिंतीत शेड दिसेल अशी काच हवी असेल तर तीही आगरोधकच घ्यावी लागते आणि ती महाग असते, म्हणून खिडकी छोटी पण मोक्याच्या जागी ठेवा. कॉम्प्रेसर रूम या भिंतीला कधीही लावू नका, कारण तिची घरघर स्लॅबमधून वर येते.

कॅन्टीन सगळ्यांना एकच असावे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात अडीचशेपेक्षा जास्त कामगारांना कॅन्टीनची सक्ती होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आली आहे, आणि पाळणाघराची तरतूद पन्नासपेक्षा जास्त कामगारांना लावली आहे. कायद्याची संख्या गाठली नाही तरी जागा राखून ठेवा. स्त्रियांची स्वच्छतागृहे आणि कपडे बदलण्याच्या खोल्या "सध्या बाया कमी आहेत" म्हणून लहान काढू नका. पुढे स्त्रिया आल्या की जागा सापडत नाही, आणि मग जागा नाही म्हणून त्यांना घेतले जात नाही.

दुचाकींची जागा एका शिफ्टवर काढू नका. तीन-साडेतीनच्या सुमारास पहिली शिफ्ट सुटायची असते आणि दुसरी आत आलेली असते, त्यामुळे दोन्हींच्या गाड्या एकदम उभ्या असतात. कंपनीची बस असेल तर तिला वळायला आणि लोकांना फूटपाथवर उतरायला वेगळी जागा ठेवा.

आग, झाडे, कचरा

शेडभोवती सहा मीटरचा अखंड पक्का रस्ता ठेवा. बंबाचे वजन ४५ टनांपर्यंत धरलेले असते, त्यामुळे नुसते पेव्हर ब्लॉक टाकून चालत नाही. फाटक किमान साडेचार मीटर रुंद हवे, आणि वर कमान बांधायची हौस असेल तर तिच्याखालून बंब निघतो की नाही हे आधी मोजा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार साधारण जोखमीच्या कारखान्यात कुठल्याही माणसाला ४५ मीटरच्या आत बाहेरचे दार मिळाले पाहिजे. जास्त जोखमीच्या भागात हे अंतर २२.५ मीटर आहे. हे चालण्याचे अंतर आहे. नकाशावर सरळ रेषा मारू नका, मशीन आणि रॅकना वळसा घालून मोजा.

घातक कचरा, म्हणजे वापरलेले तेल, कूलंट आणि रंगाचा गाळ, २०१६ च्या नियमांनुसार ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. त्याच्या खोलीला छप्पर, उंबरठा आणि गळती अडवणारा खड्डा द्या. पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांच्या लाइन कुठेही एकमेकींना मिळू देऊ नका.

झाडे शेवटी लावायची नसतात. भूमिपूजनाच्याच पावसाळ्यात सीमेवर लावा, म्हणजे कारखाना सुरू होईपर्यंत ती माणसाच्या उंचीची होतात. सुमंत मुळगावकरांनी पिंपरीच्या उजाड माळावर टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) कारखाना उभारताना झाडे आणि तलाव यांना सुरुवातीपासून जागा दिली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. ही आपल्याकडची उदाहरणे आहेत, त्यासाठी परदेशी मासिके चाळायची गरज नाही. कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, जांभूळ लावा. सुबाभूळ आणि कोनोकार्पस टाळा. वड-पिंपळ लावायचे तर भिंती आणि पाइपलाइनपासून चांगले लांब.

परवानग्या आणि पावसाळा

एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली. तिच्या क्षेत्रात जमीन साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते आणि बांधकामाचे नकाशे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून तीच मंजूर करते. आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीपूर्व संमती, त्याबरोबर अग्निशमनाचा तात्पुरता ना-हरकत दाखला आणि इमारतीचे नकाशे, शिवाय औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कारखान्याचा आराखडा. काम संपताना विद्युत निरीक्षकांची तपासणी, अग्निशमनाचा अंतिम दाखला, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आणि मग मंडळाची चालू करण्याची संमती. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या पुढे जाणार असेल तर पर्यावरण मंजुरीचा प्रश्न येतो. या तरतुदी वारंवार बदलल्या आहेत, म्हणून दुसऱ्या टप्प्याचे क्षेत्रफळ धरून आजची स्थिती सल्लागाराकडून लेखी घ्या. सगळ्या अर्जांवर एकच नकाशा जाऊ द्या. एका खात्याकडे जुना आणि दुसऱ्याकडे सुधारित नकाशा गेला की महिनोन्‌महिने तिथेच अडकतात.

वेळापत्रक पावसाळ्यापासून उलटे मांडा. मृग लागायच्या आत छताचे पत्रे चढलेले हवेत. म्हणजे पीईबीचे सांगाडे मार्च-एप्रिलमध्ये उभे, पाया जानेवारी-फेब्रुवारीत, खोदाई आणि भराव दिवाळीनंतर लगेच. छत झाले की भर पावसातही आत फरशीचे काम चालू ठेवता येते, आणि हवा दमट असल्याने क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवून मुरवणे) चांगले होते. फरशी ओतण्याआधी छताखाली एक जोरदार पाऊस बघून घ्या. प्रत्येक ठिबकणाऱ्या जागेवर खडूने खूण करून ती पीईबीवाल्यांकडून बंद करून घ्या, आणि त्यांचे शेवटचे बिल तोवर पास करू नका.